जाळ्याचा वाटा, हाताचा वाटा

वाचकांचे प्रश्न, माईंची उत्तरं

प्रश्न : माई, नमस्कार. आचऱ्याजवळ आमचं घर आहे. मागे नारळ-सुपारीची बावीस गुंठे बाग, चालत दहा मिनिटांवर समुद्र. मी २९ वर्षांचा. वडील चार वर्षांपूर्वी गेले. घरी आई, बायको आणि मी. पहिलीपासूनचा माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे. बागेत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या ही त्याची कल्पना. पैसे त्याचे, १४ लाख. जागा माझी. नफा अर्धा-अर्धा. ऑनलाइन बुकिंग तो पुण्यातून बघणार, बाकीचं मी. जेवण बायको करेल, तिच्या हाताला चव आहे. आई म्हणते, आधी कागद कर. मी फोनवर हळूच विषय काढला तर तो हसला आणि म्हणाला, "आपल्यात कागद कशाक रे?" पुढे मला बोलवेना. आम्ही एका ताटात जेवलेले. वडील गेले तेव्हा तो रातोरात पुण्याहून आला आणि बारा दिवस राहिला. सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलंय. मुंबईच्या काकांचंही नाव आहे, पण ते काही म्हणणार नाहीत. दिवाळीच्या आत काम सुरू करायचं चाललंय. कागदाचं त्याला कसं सांगू? आणि अर्धा-अर्धा बरोबर आहे ना?
(एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : "बाकीचं मी." तुझ्या पत्रातल्या या दोन शब्दांखाली मी रेघ मारली. (तू माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, म्हणून अरे-तुरे करते.) मग 'बाकीचं'मध्ये काय काय येतं ते एका कागदावर लिहायला बसले. कोकणकन्या लेट झाली की कुडाळच्या प्लॅटफॉर्मवर दोन तास. रात्री अकराला तीन नंबरच्या खोलीत पाणी येत नाही म्हणून टाकीवर चढणं. जुलैत तीन-तीन दिवस न वाळणाऱ्या चादरी आणि त्यांचा वास. पाहुण्यांना बांगडा नको, सुरमई हवी, आणि सुरमई त्या दिवशी बंदरात आलेलीच नाही. सेप्टिक टँक. कुत्र्याने पळवलेली चप्पल, तीही पुण्याच्या बाईंची. कागद भरला, आणि तुझ्या बायकोचं काम मी अजून लिहायला घेतलंच नव्हतं.

म्हणून कागदाचं नंतर. आधी अर्धा-अर्धा बघू.

माझे वडील रापणकर. पुढे त्यांची स्वतःची लहान बोट झाली. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेर मारून किनाऱ्याला परत लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूत पाय रोवून ओढतात. मासळी विकली की वाटे पडतात. दोर ओढणाऱ्या हाताचा एक वाटा. जाळ्याचा आणि होडीचा वेगळा. जाळं माझं आणि दोरही मी ओढला तर दोन्ही वाटे माझे. जाळं माझं, पण मी घरात घोरत पडले होते, तर नुसता जाळ्याचा. आमच्या बोटीवरही तेच. लिलावाच्या पैशांतून आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा. उरलं त्यातलं अर्धं बोटीला, अर्धं खलाशांना, त्यात तांडेलाचे, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याचे, दोन वाटे. प्रमाण बंदरागणिक बदलतं, पण बोट आणि हात कुणी एकात मिसळत नाही. ती वही आठवीपासून मी लिहायचे, कारण वडिलांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नसे. एकदा माझ्या सख्ख्या काकाने पाय मोडला म्हणून पंधरा दिवस बोट चुकवली आणि वाटा मागितला. वडिलांनी त्याला घरी बोलावून जेवू घातलं, औषधाचे पैसे दिले. वाटा दिला नाही. "जाळ्याचो वाटो जाळ्याक, हाताचो हाताक," एवढंच म्हणाले. काका रागावला असेल असं तुला वाटेल. दुसऱ्या दिवशी लंगडत आला आणि परत जेवून गेला.

तुमच्या अर्ध्या-अर्ध्यात सगळंच एका टोपलीत पडलंय : त्याचे पैसे, तुझी जमीन, तुझे हात, बायकोचे हात, त्याचा लॅपटॉप. ते निवडून वेगळं करू. आकडे मी अंदाजाने घेते, तू तुझे घाल.

समजा वर्षाला खोल्या आणि जेवण मिळून ९ लाख आले. किराणा, मासळी, गॅस, वीज, धुलाई, बुकिंगवाल्यांचं कमिशन, रंगरंगोटी यात ३ लाख ६० हजार गेले. राहिले ५ लाख ४० हजार. तुमच्या बोलीप्रमाणे २ लाख ७० हजार तुला, तेवढेच त्याला. आता बोटीसारखं मांड. तुझ्या हातांचे महिना १२ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. बायकोचे महिना ८ हजार (कमीच धरलेत, एकदा बाहेरचा आचारी लावून बघ), वर्षाचे ९६ हजार. मित्राचे महिना ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. रात्री साडेबाराला "रूम आहे का" विचारणाऱ्याला नीट उत्तर देणं हेही काम आहे, ते फुकटात धरू नकोस. जागेचं भाडं महिना ५ हजार, ६० हजार. आणि मित्राच्या १४ लाखांवर नऊ टक्क्यांनी १ लाख २६ हजार. बेरीज ४ लाख ६२ हजार. मागे उरले ७८ हजार. हा तुमचा नफा. तो खुशाल अर्धा करा, ३९-३९ हजार.

आता मित्राकडे गेले २ लाख १ हजार आणि तुझ्या घरात आले ३ लाख ३९ हजार. म्हणजे तुमच्या बोलीत दरसाल ६९ हजार रुपये तुझ्या घरातून पुण्याला निघाले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मित्र चोर नाही. त्याला हे ठाऊकच नाही, तुलाही नव्हतं. ठाऊक होईल तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात. बायको वीस जणांची भाकरी थापत असेल आणि त्याचा पुण्याहून मेसेज येईल, 'रिव्ह्यूत लिहिलंय, जेवण उशिरा मिळालं.' तोवर त्या ६९ हजारांचे तुझ्या मनात सात लाख झालेले असतील.

पडक्या वर्षाचंही आजच मांड. २०२० साली टाळेबंदीत मे महिन्याचा हंगाम गेला, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं. नारळ कसे आडवे झाले होते ते तुझ्या बागेने पाहिलंय. अशा वर्षी खर्च जाऊन समजा ३ लाखच उरले. हातांचे २ लाख ७६ हजार दिले की राहतात २४ हजार. त्यात जागेचं भाडंही पुरं होत नाही, व्याजाला तर काहीच नाही. कुणाचं आधी आणि कुणाचं थांबेल? मी म्हणेन, हात आधी, मग जागा, मग पैसा. कायद्यातही भांडवलावरचं व्याज ठरलेलं असलं तरी ते नफ्यातूनच द्यायचं असतं. मित्राला हे मान्य नसेल तर त्याने ते आज म्हणावं, तौक्ते येऊन गेल्यावर नको.

एवढं सगळं आठवीपासून वहीत लिहीत आलेल्या बाईने स्वतःच्या धंद्यात काय केलं, तेही ऐक. १९९४ साली मी आणि शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण, आम्ही कोकमाची सोलं आणि आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) करायला लागलो. पैसे माझे, दोन पाटल्या मोडून आलेले. खळं तिचं. एप्रिल-मेत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालींना मीठ घातलेल्या रसाची पुटं द्यायची आणि प्रत्येक पुटानंतर उन्हात वाळवायचं. ती सोलं तिच्या खळ्यात पसरलेली असायची. मेअखेरीला पाऊस सांगून येत नाही. रात्री गडगडलं की ती उठायची आणि एकटी ताडपत्री ओढायची. मी दोन वाड्या पलीकडे झोपलेली. विक्री माझ्याकडे : कोल्हापूर, बेळगाव, एसटीच्या टपावर डबे. आपणच जास्त राबतो अशी माझी खात्री होती, कारण माझं राबणं चारचौघांना दिसायचं. वाटणी अर्धी-अर्धी. नऊ वर्षं.

मग एका हळदीकुंकवाला कुणीतरी मला म्हणालं, "माई, तुमचं आगळ म्हणजे एक नंबर हां." मी हसून मान डोलावली. मैत्रीण शेजारी बसली होती. 'तिचं नि माझं' म्हणायला मला किती वेळ लागला असता? त्या रात्री ती घरी आली आणि तिने रात्री मोजून दाखवल्या. कुठल्या साली किती वेळा उठली, कधी शेवाळावर घसरली, कधी पोराला ताप असताना त्याला टाकून खळ्यात धावली. मी म्हटलं, आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, तू विचारलंस कधी? मग मी तिला पाटल्यांचं नऊ वर्षांचं व्याज ऐकवलं. त्या मोसमानंतर धंदा बंद. उरलेले आगळाचे डबे मोजून वाटून घेतले, संख्या विषम निघाली. शेवटचा डबा दोघींनीही उचलला नाही, तिच्या पडवीत तो तसाच राहिला. सहा वर्षं बोललो नाही. आता बोलतो, लग्नामुंजीला जातो-येतो. पण रातांब्यांचा विषय निघाला की दोघी हवापाण्यावर येतो.

आता कागद. तुझ्या मित्राला वाटतं, कागद नाही म्हणजे बंधन नाही. तोंडी भागीदारी हीसुद्धा भागीदारीच असते, आणि तुम्ही काही ठरवलं नसेल तिथे १९३२ चा भागीदारी कायदा तुमच्या वतीने ठरवतो. वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सारखा. वेगळा करार नसेल तर धंद्यात राबल्याबद्दल कुठल्याही भागीदाराला पगार नाही. भांडवलाच्या वर कुणी धंद्याला पैसे दिले तर त्यावर सहा टक्के. बघ, तुझं 'बाकीचं मी' कायद्याच्या लेखी फुकट आहे. तुझी बायको तर भागीदारही नाही. तिचे ८ हजार खर्चातच धर आणि तिच्या खात्यात बँकेतून जाऊ दे. 'घरचीच तर आहे' हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, ते म्हणणारी एकही बाई मला भेटलेली नाही.

मित्राला बहुधा माहीत नसलेली आणखी एक गोष्ट. भागीदारीत एकाने धंद्यासाठी केलेलं देणं दोघांचं असतं, आणि घेणेकरी त्यांच्यातल्या कुणा एकाकडूनही ते पुरतं वसूल करू शकतो. तू सिमेंटवाल्याकडे उधारी थकवलीस तर तो मित्राच्या पुण्यातल्या फ्लॅटपर्यंत पोचू शकतो. लावलेल्या पैशापुरतीच जबाबदारी हवी असेल तर २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे, पण तिची दरसालची विवरणपत्रं चार खोल्यांना झेपतील का हे सीएला विचार. साधी भागीदारी केलीत तर तिची नोंदणी करून टाका. नोंदणी सक्तीची नाही. पण ती नसेल तर पैसे बुडवणाऱ्यावर फर्मला करारापोटी दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर कोर्टात जाता येत नाही. बँकेत फर्मच्या नावाचं खातं, फर्मचं वेगळं पॅन. गुगल पे तुझ्या नंबरवर घेत राहिलास तर कुठला पैसा घरचा आणि कुठला धंद्याचा, हे तुझं तुलाच सहा महिन्यांत सांगता येणार नाही.

आणि दोघांचीच फर्म असेल तर एक गेला की फर्म उरतच नाही. अशुभ बोलतेय, बोलू दे. उद्या मित्राला काही झालं तर त्याच्या बायकोने १४ लाख कुणाकडे मागायचे? तू एकदम देऊ शकणार नाहीस. किती हप्ते, किती वर्षांत, हे लिहा. कुणालाही कंटाळा आला तर किती महिने आधी सांगायचं आणि खोल्यांची किंमत कोण ठरवणार, तेही.

पण खरी अडचण सातबाऱ्यात आहे. "काका काही म्हणणार नाहीत." काका नसतील म्हणत, चुलत भावंडं? १४ लाखांच्या भिंती ज्या जमिनीवर उभ्या राहणार ती तुझी, आईची आणि काकांची. त्यावर मित्राचं नाव कुठेच नाही. बिनसलं तर तो भिंती उचलून पुण्याला नेणार आहे का? बांधकाम मंजुरीलाही सहहिस्सेदाराची संमती लागेलच. पहिलं काम : मुंबईला जा, काकांच्या पाया पड आणि लेखी संमती घे. त्याहून बरं, वाटपच करून टाका. सगळे राजी असाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. काका आज बोलतायत, ऐकू येतंय, सही करतायत, तोवर कर. मग जमीन फर्ममध्ये घालू नकोस. ती तुमच्याच नावावर राहू दे आणि फर्मला भाडेपट्ट्याने दे, दहा-पंधरा वर्षांच्या. एका वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. त्या पट्ट्यामुळे मित्राच्या पैशांना पाय ठेवायला जागा मिळते.

चालत दहा मिनिटं म्हणतोस. तू किती भरभर चालतोस मला माहीत नाही. समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, लागतं, खाडीकाठाला त्याची मोजणी वेगळी. पाया खणायच्या आधी नकाशावर बघून घे.

हे सगळं वाचून दमला असशील तर एक सोपी वाटही आहे. भागीदारीच करू नकोस. मित्राकडून पैसे कर्जाऊ घे, व्याज ठरव, लिहून दे, धंदा तुझ्या एकट्याचा. खोल्या चारऐवजी दोन बांध. पैसे बँकेतूनच घे. २० हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीत घेणं आयकर कायद्याला चालत नाही. यात मित्राला नफा कमी, पण झोप जास्त. मात्र त्याला नुसतं व्याज नको असेल, गावात आपलं म्हणायला काहीतरी हवं असेल, तर ही वाट त्याला रुचणार नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा तेच हवं असतं. विचारून बघ.

त्याला कसं सांगायचं? फोनवर नको. गणपतीला तो गावी येईलच. विसर्जन होऊ दे, पाहुणे पांगू देत. मग तुझी वही उघड आणि वरचा ९ लाखांचा हिशेब त्याच्यासमोर पहिल्यापासून मांड. तू आकडे सांगू नकोस, त्याला घालायला लाव : तुझ्या बुकिंगच्या कामाचे किती धरू? जागेचं भाडं किती? माझ्या बायकोचे किती? शेवटच्या प्रश्नाला तो किती वेळ घेतो ते बघ. आणि सरळ सांग, तुझे पैसे माझ्या काकाच्या जमिनीत गाडले जाणार आहेत, मला त्याची भीती वाटते. हे खरंच आहे, त्यामुळे सांगताना अवघड जायला नको. बारा दिवस राहिलेला माणूस आहे, ऐकेल. काय झालं ते कळव.

प्रश्न : मी आणि माझा वर्गमित्र तीन वर्षं मिळून हापूसच्या बागा कराराने घेतो. फवारणी, राखण, काढणी माझ्याकडे. वाशीच्या दलालाशी व्यवहार त्याच्याकडे. तो पट्ट्या (दलालाने दिलेले विक्रीचे हिशेब) दाखवत नाही, तोंडी आकडा सांगतो आणि पैसे देतो. विचारलं की म्हणतो, "विश्वास नाही का?" काय करावं?
(एक बागायतदार, रत्नागिरी तालुका)

उत्तर : विश्वासावर त्याच्याशी वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल, तो जास्त बोलका दिसतोय. भागीदारी कायद्याने प्रत्येक भागीदाराला वह्या पाहायचा आणि नक्कल घ्यायचा हक्क आहे, आणि खरा हिशेब देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे मनात ठेवा, तोंडावर मारू नका.

आधी मला सांगा, तुमची वही कुठे आहे? कुठल्या तारखेला, कुठल्या गाडीने, किती डझनी किती पेट्या गेल्या, हे तुम्ही बागेत लिहिता का? नसाल लिहीत तर उद्या त्याने पट्ट्यांचा गठ्ठा पुढ्यात टाकला तरी तुम्ही त्या कशाशी ताडून बघणार? माल दबला, साका निघाला (आतला गर खराब निघाला), दर पडला, सगळं खरंही असू शकतं. तुमच्या बाजूच्या पेट्या आधी कागदावर आणा.

दुसरं, उचल. मोसमाआधी दलालाकडून उचल घेतलीत का, किती, कुणाच्या नावावर, आणि ती कुठल्या पट्ट्यांतून वळती झाली? इतकी वर्षं लोकांच्या वह्या पाहून माझा अंदाज सांगते, चुकला तर आनंदच आहे : त्याने काही दडवलंच असेल तर ते दरात नसून उचलीत असेल. घरची काहीतरी नड असेल, तुमच्या नकळत जास्त उचलली असेल, आणि आता पट्टीवर ती वजावट दिसते म्हणून पट्टीच दिसत नाही. म्हणून बोलताना "तू किती खाल्लेस" असं सुरू करू नका. "उचल किती राहिली आहे?" असं विचारा. दलालाला सांगा, यापुढे पट्टीचा फोटो त्याच दिवशी दोघांच्याही मोबाइलवर. त्यालाही मित्राने नकार दिला, तर पुढच्या मोसमाच्या बागेवर तुमची सही करू नका.

प्रश्न : माई, आम्ही दोघी मैत्रिणींनी देवगडात चहा-नाश्त्याची गाडी सुरू केलीय. ती दिवसभर गिऱ्हाइकांशी गजाली मारते, मी घावणे घालते. भांडी मी घासते. वाटणी सारखी. चिडचिड होते.
(एक वाचक, देवगड)

उत्तर : भांड्यांना बाई लावा आणि तिचे पैसे गल्ल्यातून द्या, हे आजच. घावण्यांचे म्हणाल तर वर जे त्या मुलाला सांगितलंय तेच : हातांचे आधी, उरलेल्याचे दोन. पण गजालींना काम म्हणायचं की नाही हे मी इथून ठरवू शकत नाही. देवगडात घावणे गल्लोगल्ली मिळतात. लोक तुमच्याच गाडीवर का थांबतात, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ती माहेरी कधी जाते? चतुर्थीला, जत्रेला, कधीतरी जात असेलच. त्या आठवड्याचा गल्ला रोजच्या रोज वेगळा लिहून ठेवा. ती परत आली की पुढच्या आठवड्याचा लिहा. दोन्ही कागद मला पाठवा, मग वाटणीचं बोलू.